दिवा लागतो का, ते आधी पाहा
(लॅपटॉपचं चार्जिंग आणि पोर्टचे बिघाड : सामुदायिक रेडिओवरील भाषण)

बैठका आटोपून, भाकरी-कालवण करून रेडिओजवळ बसला असाल. आज मी तुमच्याशी लॅपटॉपबद्दल बोलणार आहे. "आम्हाला काय करायचाय लॅपटॉप?" असं कुणी म्हणू नका. आता ग्रामसंघाच्या नोंदी लॅपटॉपवर असतात, बँक सखीचं अंगठ्याचं यंत्र लॅपटॉपला जोडलेलं असतं आणि पोरांचे फॉर्मही त्याच्यावरच भरले जातात. तो बंद पडला की कामं अडतात. कामं अडली की आपण घाबरतो, आणि घाबरलं की खिसा मोकळा होतो.

आमच्याकडे असंच झालं. लेखापरीक्षणाला चार दिवस राहिले होते. गावातल्या सगळ्या गटांचा दोन वर्षांचा हिशोब त्या एका लॅपटॉपवर होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्याचं लिहिणं-ठेवणं माझ्याकडे, म्हणून आधीच सांगते, चूक माझीच. त्या दिवशी चार्जर लावला तर लॅपटॉप चार्ज होईना. बॅटरी 22 टक्के होती. मी पिन काढ, पिन घाल, लॅपटॉप बंद कर, चालू कर असं करत तासभर घालवला. त्यात ते 22 टक्केही संपले आणि पडदा काळा झाला.

तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. त्यांनी आमचाच चार्जर लावून पाहिला आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, आठ हजार लागतील." बैठकीत आठ हजारांचा ठराव मांडायची वेळ आली. माझी भाची आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिला फोन केला, तर तिनं एकच विचारलं, "मावशी, चार्जरच्या ठोकळ्यावरचा दिवा लागतो का?" मी पाहिलं. दिवा लागत नव्हता. ती म्हणाली, "मग लॅपटॉपला अजून हात लावू नकोस. वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये."

भिंतीपासून ठोकळ्यापर्यंत येणारी जाड वायर आतून तुटली होती. ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपची तशीच वायर लावून पाहिली, तर दिवा लागला आणि लॅपटॉप सुरू झाला. नवी वायर दीडशे रुपयांत आली. दुकानदार फसवायलाच बसला होता, असं मी म्हणणार नाही. त्यानं दुसरी वायर लावून पाहिली नाही, इतकंच. पण मी तरी कुठे पाहिली होती?

मोटर बदलत नाही, पाइपाच्या कडेनं चालतो

मैत्रिणींनो, विहिरीवरची मोटर चालू आहे, पण शेवटच्या सरीला पाणी येत नाही, तर आपण काय करतो? लगेच मोटर बदलत नाही. पाइपाच्या कडेकडेनं चालत जातो. कुठे सांधा निसटलाय, कुठे चोंदलंय, कुठे फुटलंय ते बघतो. लॅपटॉपचंही तसंच आहे. विजेची वाट अशी असते : भिंतीतला सॉकेट, मग जाड वायर, मग ठोकळा म्हणजे अडॅप्टर, मग बारीक वायर, मग पिन, मग लॅपटॉपचं चार्जिंगचं भोक म्हणजे जॅक, आणि शेवटी बॅटरी. भिंतीकडून सुरुवात करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड कशात होता ते कळत नाही.

पण वाटेला लागण्याआधी एक काम करायचं, जे मी केलं नाही. बॅटरीत थोडा जरी जीव असेल तर पडद्याचा उजेड कमी करा, बाकीचं सगळं बंद करा आणि हिशोबाच्या फायली आधी पेन ड्राइव्हवर घ्या किंवा स्वतःच्या ई-मेलवर पाठवा. दुरुस्ती नंतर.

आणि बॅटरी संपलीच, तरी धीर सोडू नका. नोंदी बॅटरीत नसतात, आतल्या डिस्कवर असतात. चार्जिंगचा जॅक बिघडला म्हणून हिशोब पुसला जात नाही.

आता एकेक टप्पा

पहिला टप्पा सॉकेटचा. त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मोबाइल चार्ज होत नसेल तर दोष बोर्डाचा. एक्स्टेंशन बोर्डाची भोकं सैल झालेली असतात, त्यात तीन पिनांचा प्लग डुगडुगतो. लॅपटॉप सरळ भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला लावून पाहा.

दुसरा टप्पा जाड वायरचा आणि ठोकळ्याचा. बऱ्याच ठोकळ्यांवर छोटा दिवा असतो. ही जाड वायर ठोकळ्यातून निघते, आणि पुष्कळदा ती नुसती अर्धवट बसलेली असते. काढून पुन्हा घट्ट बसवा. तरी दिवा लागला नाही तर तशाच तोंडाची दुसरी वायर मागून आणा. काहींचं तोंड तीन भोकांचं, तिपानी असतं, काहींचं दोन भोकांचं, जुन्या टेपरेकॉर्डरला असायचं तसं. वायर बदलूनही दिवा लागला नाही तर ठोकळा गेला. ठोकळ्याला दिवाच नसेल तर दुसरा, त्याच लॅपटॉपला चालणारा चार्जर लावून पाहणं हाच उपाय.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. काही ठोकळ्यांचा दिवा एकटा असताना लागतो आणि पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो. म्हणजे पुढे पिनेत किंवा लॅपटॉपच्या आत कुठेतरी वीज एकमेकींना भिडते आहे आणि ठोकळा स्वतःला वाचवायला बंद होतो आहे. असं झालं तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. ते काम जाणत्याचं.

तिसरा टप्पा बारीक वायरचा. ती दोन जागी मोडते : ठोकळ्याजवळ आणि पिनेजवळ. आपण ती ठोकळ्याला करकचून गुंडाळतो ना, त्यामुळे. तिथे बोटांनी चाचपून पाहा. साल फाटली असेल, गरम लागत असेल, करपल्याचा वास येत असेल तर तो चार्जर वापरायचा थांबवा. चिकटपट्टी लावून काम चालवू नका.

चौथा टप्पा पिन आणि जॅकचा. पिन वाकडी धरली की चार्जिंग होतं आणि सोडली की थांबतं, हा अनुभव पुष्कळींना असेल. मग दोष पिनेत की जॅकमध्ये? दुसरा, त्याच लॅपटॉपला चालणारा चार्जर लावा. तो व्यवस्थित चालला तर आपली पिन किंवा वायर खराब. त्यानंही वाकडंच धरावं लागलं तर जॅक सैल झालाय. पिनेखाली कागदाची घडी सारून किंवा वायरला दोरी बांधून दिवस काढू नका. सैल सांध्यात ठिणगी पडते, तो तापतो आणि शंभराची दुरुस्ती हजारावर जाते.

जॅकमध्ये कचराही साठतो. पिठाचा भुगा, पिशवीतली कापसाची तंतू, चुलीचा काजळीचा थर. साफ करायचा तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. उजेडात बघा. मऊ कोरड्या ब्रशनं किंवा लाकडी दातकोरणीच्या टोकानं हळूच कचरा बाहेर ओढा. टाचणी, सुई, हेअरपिन अजिबात नको. लोखंड आत दोन टोकांना भिडलं की खेळ खलास. तोंडानं फुंकूही नका, फुंकरीबरोबर थुंकी जाते. पाणी, रॉकेल, खोबरेल यांचं तर नावच काढू नका.

पाचवा टप्पा बॅटरीचा. चार्जर लावलेला असताना लॅपटॉप चालतो, पण चार्जर काढताच मरतो, तर पोर्ट ठीक आहे, बॅटरी संपली आहे. बॅटरी अगदी कोरडी पडली असेल तर चार्जर लावल्यावर अर्धा तास थांबा, मग बटण दाबा. आणि 60 किंवा 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबत असेल तर तो बिघाड असेलच असं नाही. बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून काही लॅपटॉपमध्ये तशी सोय चालू केलेली असते. ती सेटिंगमधून बंद करता येते.

याशिवाय एक फुकटचा उपाय आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरी काढा आणि सुरू करायचं बटण 30 सेकंद दाबून धरा. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते. मग बॅटरी बसवा, चार्जर लावा आणि सुरू करा. कितीतरी वेळा एवढ्यानंच काम होतं.

मोबाइलसारखं तोंड असलेला चार्जर

नव्या लॅपटॉपना गोल पिनेऐवजी टाइप-सी असतं, आपल्या मोबाइलसारखंच. तोंड सारखं म्हणून आपण मोबाइलचाच चार्जर लावतो आणि म्हणतो, "लॅपटॉप चार्ज होत नाही." लॅपटॉपला साधारण 45 किंवा 65 वॅट लागतात. मोबाइलच्या साध्या चार्जरमधून 10 ते 18 वॅट मिळतात. घागरभर तहान आणि वाटीभर पाणी! काही मोबाइल चार्जरवर मोठा आकडा लिहिलेला असतो, पण तो वेग पुष्कळदा त्याच कंपनीच्या मोबाइलपुरता असतो.

केबलचंही तसंच. दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येक केबल लॅपटॉपएवढी वीज वाहून नेत नाही. म्हणून लॅपटॉपबरोबर आलेलीच केबल वापरून पाहा. शिवाय लॅपटॉपला टाइप-सीची दोन भोकं असली तर दोन्हींतून चार्जिंग होतंच असं नाही. एखादं फक्त माहितीसाठी असतं. भोकाशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चित्र आहे का ते बघा, आणि दुसऱ्या भोकात लावून पाहा. टाइप-सीच्या आत मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर बारीक पट्ट्या असतात. साफ करताना तिला धक्का लावू नका.

नवा चार्जर घेताना

ठोकळ्याच्या पाठीवर बारीक अक्षरं असतात. वाचायला नातवाला बसवा, पण वाचा. 'इनपुट' 100 ते 240 व्होल्ट असेल, ते आपल्या घरच्या विजेला चालतं. महत्त्वाचं 'आउटपुट'. समजा तिथे 19 व्होल्ट आणि 3.42 अँपिअर लिहिलं आहे. दोहोंचा गुणाकार 65 वॅट. गोल पिनेचा नवा चार्जर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. पिन आत बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही. पिन बसते, व्होल्ट जास्त असतात आणि लॅपटॉप जळतो.

आणखी एक खूण बघा. लॅपटॉपच्या अडॅप्टरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ठोकळ्यावर ब्यूरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की खरा की खोटा ते कळतं. बाजारातल्या स्वस्त ठोकळ्यावर ही खूण नसेल तर दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका.

पेन ड्राइव्ह दिसत नाही तेव्हा

आता दुसरी भोकं, यूएसबीची. यांच्यातून वीजही जाते आणि माहितीही. नेहमीच्या चौकोनी यूएसबीत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. एवढं लक्षात ठेवलं की एक कोडं सुटतं : मोबाइल लॅपटॉपला जोडला, तो चार्ज होतो, पण फोटो दिसत नाहीत. वीज जाते आहे, माहितीची वाट बंद आहे. कारणं तीन. एक, मोबाइलवर 'फाइल ट्रान्सफर' निवडलेलं नाही. वरून पट्टी खाली ओढा आणि निवडा. दोन, केबल फक्त चार्जिंगची आहे. तिच्यात मधल्या तारा नसतातच. तीन, पोर्टच्या मधल्या पट्ट्या मळल्या किंवा वाकल्या आहेत. या क्रमानंच तपासा.

पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर दुसऱ्या भोकात घाला. तिथे दिसला तर पहिल्या भोकात दोष. कुठेच दिसत नसेल तर त्याच भोकात माउस लावा. माउस चालला तर पोर्ट ठीक, पेन ड्राइव्हच बिघडलाय. कशालाच काही दाद मिळत नसेल तर लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं आणि 'रीस्टार्ट' यात फरक आहे. नव्या विंडोजमध्ये शट डाउन केल्यावर यंत्र अर्धवट झोपतं, रीस्टार्ट केल्यावर पूर्ण नव्यानं उठतं.

बँक सखींसाठी खास. अंगठ्याचं यंत्र, माउस, पेन ड्राइव्ह, नेटचा डोंगल हे सगळं एकाच जोडपट्टीवर लावलं की वीज पुरत नाही, आणि अंगठा घेता घेता यंत्र बंद पडतं. अंगठ्याचं यंत्र सरळ लॅपटॉपच्या भोकात लावा, बाकीचं पट्टीवर. रांगेत म्हातारी माणसं पेन्शनसाठी उभी असतात. त्यांचं बोट चांगलं असतं, आपली जोडणी चुकलेली असते.

आणि सगळ्यांत मोठी सूचना. पेन ड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर 'फॉरमॅट' करा असं विचारलं तर घाईनं 'हो' म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. 'कॅन्सल' दाबा, पेन ड्राइव्ह काढा, दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तिथेही तसंच म्हणाला आणि आत कामाच्या नोंदी असतील तर माहिती परत काढून देणाऱ्या जाणत्याकडे जा. तोवर त्यावर नवं काही भरू नका. एरवीही पेन ड्राइव्ह काढताना आधी 'इजेक्ट' करा, मग ओढा. यूएसबी उलटी असेल तर जोरानं दाबू नका, फिरवून बघा.

इथे थांबायचं

काही वेळा आपण हात मागे घ्यायचा. लॅपटॉपचं पोट फुगलंय, टचपॅड वर आलंय, झाकण नीट मिटत नाही, म्हणजे बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, वापरू नका. ती दाबायची नाही, टोचायची नाही, उन्हात ठेवायची नाही. तिला आग लागू शकते. ती कचऱ्याच्या गाडीतही टाकायची नाही. जुनी बॅटरी दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची. पाणी किंवा चहा सांडला, धूर किंवा ठिणगी दिसली, तरी आधी भिंतीतलं बटण बंद करा, मग चार्जर काढा.

चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, असं पुष्कळ जणी सांगतात. बहुतेक वेळा त्या घरात अर्थिंग नसतं. तीन पिनांपैकी जाड पिन अर्थिंगची. ती मोडून दोन पिनांवर काम भागवू नका. गावातल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्यात लॅपटॉपपेक्षा आपल्या जिवाचा प्रश्न आहे.

दुकानात गेल्यावर

सगळं तपासूनही जमलं नाही तर दुकानात जा, पण मोकळ्या हातानं जाऊ नका. काय काय करून पाहिलं ते कागदावर लिहून न्या. मग विचारा, "दुसरा चार्जर लावून पाहिलात का? जॅक छोट्या वायरवर वेगळा आहे, की बोर्डाला सोल्डर केलेला आहे?" कितीतरी लॅपटॉपमध्ये जॅक वेगळा असतो. तो बदलता येतो, अख्खा बोर्ड बदलावा लागत नाही. सोल्डर केलेला असला तरी चांगला कारागीर तो काढून नवा बसवतो. खर्चाचा आकडा आधी लिहून घ्या. वॉरंटी असेल तर बाहेर उघडू देऊ नका. "आम्हाला विचारल्याशिवाय विंडोज नव्यानं टाकू नका, आतल्या नोंदी कामाच्या आहेत," हे स्पष्ट सांगा. काढलेला जुना भाग परत मागा आणि पक्कं बिल घ्या. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, पण बिल हातात असेल तरच बोलणं वजनदार होतं.

आमच्या ग्रामसंघात त्या दिवसापासून एक रीत पडली आहे. दर महिन्याच्या बैठकीत हजेरी झाली की हिशोबाच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या जातात आणि तो पेन ड्राइव्ह अध्यक्षांच्या घरी जातो. लॅपटॉप एका घरी, प्रत दुसऱ्या घरी. चार्जरची वायर आता सैल वेटोळं करून ठेवतो आणि पिन काढताना वायर ओढत नाही, पिनेला धरतो.

आठ हजारांचा तो ठराव आम्ही मांडलाच नाही. लेखापरीक्षण वेळेवर झालं. भाचीला बैठकीत बोलावलं, नारळ दिला आणि सगळ्या जणींनी तिच्याकडून चार्जरच्या पाठीवरची अक्षरं वाचायला शिकून घेतलं. त्यातल्या दोघी जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. अक्षरं नाही, पण 19 चा आकडा त्यांनी बरोब्बर ओळखला.

तुमच्या येत्या बैठकीत लॅपटॉप मधोमध ठेवा, चार्जर लावा आणि सगळ्या जणींना दाखवा, दिवा कुठे आहे ते. पुढच्या वेळी तो विझलेला दिसेल, तेव्हा घाबरायचं नाही. भिंतीपासून सुरुवात करायची.